म्हापशात, शिंप्याच्या स्टुलावरून

हात वर ठेवूनच बोलते, निलांगी.
आग्नेल टाचण्या लावतोय,
हलले तर त्याची शिवी आणि माझी किंकाळी
एकदमच निघतील.

तू त्या कापडाच्या गठ्ठ्यावर बस.
खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडा आहे.
ही पहिली गोष्ट लिहून घे:
कुठेही गेलीस की आधी खुर्च्या बघ.
प्लास्टिकची असेल तर उभी राहा,
आणि उभं राहायला आवडतं, असं दिसू दे.

तू विचारलंस, आत्मविश्वास कुठून आणायचा.
मला माहीत नाही गं.
पावडर कुठून आणायची ते माहीत आहे.
मांड्यांना, आतल्या बाजूने, शूटच्या आधी.
मोरजीच्या वाळूत सहा तास चालायचं असेल
तर आत्मविश्वासापेक्षा पावडर जास्त टिकते.

जेवून जा. सेटवर काकडी असते.
पहिल्या कामाला मी उपाशी गेले होते
आदल्या दुपारपासून,
जणू एका रात्रीत तिथे
कुणी दुसरीच पोहोचणार होती.
त्यांनी काय केलं सांगू?
कमरेला स्पंज बांधला.
जाडी हवीय, पण जरा गोल हवीय,
म्हणाला तो दिल्लीचा मुलगा,
तुमची चुकीच्या जागी आहे.
डिचोलीत चोवीस वर्षं मी जास्त होते,
तिथे कमी पडले.
हसले. मग गाडीत रडले. मग बिल पाठवलं.
हा क्रम पाठ कर.
हसणं, रडणं मागेपुढे झालं तरी चालेल,
बिल त्याच दिवशी.

दिवाडीच्या फेरीबोटीवर एकदा, मी नववीत,
गाड्या लावणारा माणूस म्हणाला,
"बाय, तूं मदीं राव."
अख्खी बोट हसली, माझी मावशीसुद्धा.
मी मध्ये उभी राहिले,
पलीकडचा धक्का येईपर्यंत
चपलेचा अंगठा मोजत.
मागच्या वर्षी त्याच धक्क्यावर साडीचं शूट,
चाळीस माणसं, दोन पांढऱ्या छत्र्या,
आणि कॅमेरावाला ओरडला,
मॅडम, मध्ये या, अगदी मध्ये.
तेच वाक्य, बघ.
पैसे मिळत होते म्हणून वेगळं वाटलं
की खरंच काही बदललं होतं,
अजून ठरवता आलेलं नाही.

तुला शूर म्हणतील.
पोहायचे कपडे घातले म्हणून शूर!
हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस,
पाणी कसं आहे ते विचार.
चेहरा सुंदर आहे म्हणतील,
पुढच्या "पण"साठी थांबू नकोस.
आणि इसवणाशी, फणसाशी, देवळातल्या समईशी
कुणी तुझी तुलना केली,
कवितेत का असेना,
तर सही करू नकोस.

आग्नेल, हळू रे.

आई माझ्या शाळेच्या गणवेशाला
दोन्ही बगलांत जोड द्यायची.
निळा कधी निळ्याशी जुळला नाही.
प्रार्थनेला सगळ्या पोरी हात जोडून उभ्या,
मी कोपरं अंगाशी दाबून,
देवाला वाटत असेल मला थंडी वाजते.
आईला हे कधी सांगितलं नाही.
ती रात्री, दुकानाचा हिशेब झाल्यावर,
डोळे बारीक करून ती जोड शिवायची.

आता बघ, पाऊण तास झाला,
हात वर आहेत.
खांदे दुखतात, बाकी काही नाही.

झालं. उतरते.
ये, तुझी पाळी.
आग्नेल आकडा मोठ्याने सांगतो,
बाहेरच्या चणेकारापर्यंत जातो तो,
शुक्रवारच्या गलक्यातूनसुद्धा.
सवय आहे त्याची, मनात काही नसतं.
चणेकार अकरा वर्षं माझं माप ऐकतोय,
अजून त्याने मला
एक चणा कमी दिलेला नाही.